कूलंट कमी होतंय, हे मी जॉबकार्डवर लिहून घेतलं होतं

इंदूरमधल्या आमच्या नेहमीच्या मल्टीब्रँड गॅरेजला पाचपैकी दोन स्टार. चार वर्षं मी गाडी तिथेच देत होते. गाडी सांगितल्या वेळेला मिळते, बदललेले जुने पार्ट डिकीत ठेवून देतात, न विचारता बिलात काही घुसडत नाहीत. हे आजही खरं आहे. पण आता मी तिथे गाडी देणार नाही, आणि माझे 19,400 रुपये त्यांच्याकडे निघतात असं माझं म्हणणं आहे.

गाडी 2014 ची, छोटी, पेट्रोलवरची. रिझर्व्ह बाटलीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, खालच्या रेघेच्याही खाली जातंय, हे जानेवारीत लक्षात आलं. रामबागेत आमच्या पार्किंगची फरशी इतकी काळवंडलेली आहे की त्यावर डाग कळत नाही. म्हणून जुन्या कालनिर्णयाची चार पानं चिकटवून रात्री गाडीखाली अंथरली. सकाळी उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला दहाच्या नाण्याएवढा हिरवट डाग होता, बोटाला चिकट लागणारा. फोटो काढला. 6 फेब्रुवारीला सर्व्हिसला गाडी दिली तेव्हा ॲडव्हायझरला तो फोटो दाखवला आणि जॉबकार्डवर, म्हणजे गॅरेज कामं लिहून घेतं त्या कागदावर, लिहूनच घेतलं: ‘कूलंट कम हो रहा है, लीकेज चेक करना’. संध्याकाळी कार्ड परत आलं तेव्हा त्या ओळीपुढे लिहिलं होतं, ‘टॉप-अप किया, ओके’. बिल 6,840 रुपये. त्यात जनरल चेकअपचे 450 वेगळे लावलेले.

अठरा दिवसांनी बाटली पुन्हा खाली गेली. फोन केला. म्हणाले, ‘मॅडम, लाइन में हवा रह जाती है, सेटल हो जाएगा.’ तेव्हा मला हे पटलं. कूलंट पूर्ण काढून नवं भरलं की आत हवा अडकते आणि ती निघाली की पातळी उतरते, ही गोष्ट खरीच आहे. पण यांनी सिस्टिम उघडलीच नव्हती, फक्त वरच्या बाटलीत ओतलं होतं. मग हवा आली कुठून? हा प्रश्न मला त्या दिवशी सुचायला हवा होता.

9 मार्चला, महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर, आईला घेऊन ओंकारेश्वरला गेले. निघताना बाटली भरून घेतली. जाताना काहीच त्रास नाही, कारण सिमरोलच्या पुढे भेरूघाट आपण उतरत जातो, इंजिनावर ताण नसतो. परत येताना तोच घाट भर दुपारी चढायचा, पुढे ट्रकांची रांग, दुसऱ्या गिअरमध्ये. आधी एसीची हवा गरम झाली. मग गोडसर, काकवीसारखा वास आला. त्यानंतर लाल दिवा लागला. पुढच्या वळणानंतर जागा मिळाली तिथे थांबले, मिनिटभर गेलं असेल. बॉनेटखालून वाफ येत होती. आई बाहत्तर वर्षांची आहे. ती कठड्यावर छत्री घेऊन दोन तास बसली. एका शब्दानं तक्रार केली नाही.

गाडी टो करून नवलख्याजवळच्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी तेलाचं झाकण काढून दाखवलं. आतल्या बाजूला दूध घातलेल्या कॉफीसारखा थर, म्हणजे पाणी तेलात मिसळलेलं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधलं सील, गेलं होतं. हेड उतरवल्यावर त्यावर सरळ पट्टी ठेवून ते फीलर गेजची (फट मोजायची) पातळ पातं घालत गेले, 0.15 चं पातं मधून आरपार सरकलं. हेडचा वाक साधारण 0.05 मिलिमीटरच्या वर गेला की हेड घासून घ्यावं लागतं, असं ते म्हणाले.

मग त्यांनी टॉर्च वॉटर पंपावर, म्हणजे इंजिनात कूलंट फिरवणाऱ्या पंपावर, मारला. ‘ताई, हे बघा.’ पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील खराब झालं की पाणी तिथून पाझरतं, म्हणजे बघणाऱ्याला कळावं यासाठीच ते ठेवलेलं असतं. त्या भोकाखाली सुकलेल्या कूलंटची हिरवी-पांढरी खपली होती, थरावर थर, नखानं उचलून निघेल इतकी जाड. अशी खपली एका दिवसात धरत नाही. आणि ती नेमकी कॅलेंडरच्या पानावर डाग पडला त्याच बाजूला होती.

एकूण खर्च 23,600. पंप, गॅस्केट, हेड बोल्ट, थर्मोस्टॅट, लेथचं काम, तेल, कूलंट. फेब्रुवारीत फक्त पंप बदलला असता तर 4,200 लागले असते, हे मेकॅनिकनं मला कागदावर लिहून दिलं. पंप झिजला यात गॅरेजचा दोष नाही, अकरा वर्षांची गाडी आहे. तो खर्च माझाच. टोइंगचे 3,500 ही मी मागत नाही, कारण दुसऱ्यांदा पातळी उतरल्यावर मी गाडी घाटात न्यायला नको होती. मी मागतेय ती फक्त मधली रक्कम.

गॅरेजचं उत्तर असं की गॅस्केट कधीही जाऊ शकतं आणि सर्व्हिसनंतर गाडी 640 किलोमीटर चालली. पण मी गॅस्केट तपासायला सांगितलंच नव्हतं. गळती शोधायला सांगितली होती. त्यासाठी रेडिएटरच्या तोंडावर हातपंप लावून दाब भरायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काटा उतरतो का ते बघायचं, एवढंच काम. तो पंप त्यांच्या भिंतीवर टांगलेला आहे, मी पाहिलाय. तो लावला का, असं विचारलं तर मॅनेजर म्हणाले, ‘व्हिज्युअल चेक किया था.’ टॉर्चनं बघितलं असतं तरी खपली दिसली असती.

‘दिवा लागल्यावर गाडी का चालवली?’ हा त्यांचा दुसरा मुद्दा. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असेल तरच बरोबर सांगतो. पातळी खाली गेली की तो वाफेत लोंबतो आणि दिवा उशिरा लागतो. शिवाय गळती असेल तर आतला दाबही टिकत नाही, आणि कूलंट शंभर अंशांच्या वर न उकळता राहतं ते मुख्यतः त्या दाबामुळे. म्हणजे मला इशारा मिळाला तेव्हा वेळ बरीच निघून गेली होती. खरा इशारा फेब्रुवारीत कागदावर दिलेला होता, माझ्या सहीसकट.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत निष्काळजीपणा येतो आणि करायचं ते न करणंही येतं. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ती करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून मी तक्रार नोंदवली. त्यानंतर गॅरेजचा सूर बदलला. आधी पुढच्या सर्व्हिसवर 3,000 ची सूट देत होते, मग 8,000 रोख द्यायला तयार झाले. सोबत सहीसाठी एक कागद होता, त्यात लिहिलेलं, ‘जाँच में कोई कमी नहीं थी’.

मी सही केली नाही. रकमेबद्दल बोलायला तयार आहे, पंधरा हजारांवरही मिटवीन, पण ते वाक्य काढून ‘लीकेज टेस्ट नहीं हुई’ असं लिहायचं. 2 एप्रिलला रजिस्टर पोस्टानं तसं पत्र पाठवलंय, पंधरा दिवसांची मुदत देऊन. जॉबकार्ड, डागाचा फोटो, खपलीचा फोटो, मेकॅनिकचा कागद, सगळ्याच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. जुनं गॅस्केट आणि पंप घरी ठेवलेत. आज अकरावा दिवस आहे. पोचपावती आली, उत्तर अजून नाही.