१४ इंची बँडसॉ, नऊ महिने वापरून: टकटक चाकाची नव्हती, सांध्याची होती

गेल्या दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत मांडलेल्या माझ्या १४ इंची बँडसॉला आता नऊ महिने होतील. बँडसॉ म्हणजे लाकूड कापण्याचे यंत्र: टोके जोडून अखंड केलेला दातेरी पोलादी पट्टा वरखाली असलेल्या दोन चाकांवरून फिरतो; १४ इंच हा त्या चाकांचा व्यास. मोटर, टेबलाचे माप, कापण्याची उंची ही माहिती सर्वत्र मिळते, म्हणून ती येथे देत नाही. लिहायला बसलो तो एका अंदाजपत्रकामुळे. यंत्रातून येणारी टकटक थांबवायची तर दोन्ही चाके आणि त्यांची बेअरिंग बदलावी लागतील व त्याचे १८,६०० रुपये होतील, असे विक्रेत्याच्या तंत्रज्ञाने मला लेखी दिले होते. दोष शेवटी ६५० रुपयांच्या पट्ट्यात निघाला. हे ८२ हजारांचे यंत्र घेण्यासाठी मी दोन वर्षे पैसे बाजूला टाकले होते, त्यामुळे या प्रकाराचा मला मनापासून राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

माझी कार्यशाळा सावंतवाडीजवळ आहे. फणस, साग आणि आंबा चिरून फळ्या काढणे आणि लहान खेळण्यांचे आकार कापणे एवढेच माझे काम. पहिले दोन महिने तक्रारीला जागा नव्हती. डिसेंबरात, सात इंच रुंदीची फणसाची फळी उभी चिरत असताना, ठरावीक अंतराने टक असा आवाज येऊ लागला आणि त्या प्रत्येक टकीबरोबर कापलेल्या बाजूवर एक बारीक आडवी रेघ उमटू लागली. तक्रार नोंदवल्यावर १९ दिवसांनी तंत्रज्ञ आला. त्याने यंत्र चालू केले, झाकणावर हात ठेवला आणि चाके वाकडी आहेत असे सांगितले. कोणते चाक, असे विचारल्यावर "दोन्ही" असे उत्तर मिळाले. यंत्राचे दार त्याने उघडलेसुद्धा नाही. भेटीचे २,५०० रुपये मात्र जागेवर घेतले.

ज्या वखारीतून मी लाकूड आणतो तेथे पट्ट्यांचे दात घासणारे एक वयस्कर काका आहेत. त्यांना मी फोनवरून आवाज ऐकवला. ते एवढेच म्हणाले, "तुझ्या मशिनीक कायएक झाला नाय. आधी पट्ट्याचो सांधो बघ." मी वीजजोडणी काढली, पट्ट्याच्या सांध्यावर खडूची खूण केली आणि वरचे चाक हाताने सावकाश फिरवू लागलो. खूण गाइडपाशी, म्हणजे पट्ट्याला बाजूंनी व मागून आधार देणाऱ्या भागांपाशी, आली की पट्टा केसभर मागे सरकून पाठीमागच्या बेअरिंगवर आपटत होता. पट्ट्याच्या पाठीवरून, म्हणजे दात नसलेल्या कडेवरून, बोट फिरवल्यावर सांध्याजवळची पायरी नखाला स्पष्ट लागली.

ज्यांच्या यंत्रातून असा आवाज येतो त्यांनी कोणालाही बोलावण्यापूर्वी आवाज मोजावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १४ इंची चाकाचा परीघ सुमारे ४४ इंच असतो आणि माझा पट्टा १०५ इंचांचा आहे, म्हणजे पट्ट्याची एक फेरी पूर्ण व्हायला चाकाला जवळजवळ २.४ फेऱ्या घ्याव्या लागतात. चाक हाताने फिरवताना प्रत्येक फेरीला एकदा आवाज आला, तर दोष चाकात, त्यावरच्या रबरी टायरमध्ये किंवा बेअरिंगमध्ये शोधावा. परंतु चाकाच्या दोन फेऱ्या होऊन तिसरी निम्म्याच्या आसपास गेल्यावर आवाज आला, तर तो पट्ट्याचाच आहे. या तपासणीला पाच मिनिटे लागतात. तंत्रज्ञाने ती पाच मिनिटे दिली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

सांध्याचा प्रश्न या यंत्राइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ साली बँडसॉचे पेटंट घेतले, परंतु पट्ट्याची दोन टोके टिकाऊपणे जोडता येत नसल्याने ते यंत्र फारसे उपयोगी ठरले नाही. सांधा जोडण्याची चांगली रीत फ्रान्समध्ये ॲन पॉलिन क्रेपँ यांनी काढली ती १८४६ साली. कारण उघड आहे. मिनिटाला ३,००० फूट धावणारा १०५ इंची पट्टा मिनिटाला सुमारे ३४३ फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत दोन चाकांवरून दोनदा वाकतो. सांधा जाड राहिला असेल तर तो बाजूच्या गाइडना ठोकरतो, पाठ एका रेषेत नसेल तर मागच्या बेअरिंगला ठोकरतो, आणि दातांच्या बेचक्यात तडा गेला असेल तरी टकटकच ऐकू येते. या तिसऱ्या शक्यतेमुळे आवाज येताच यंत्र बंद करणे आवश्यक आहे. पट्टा तुटलाच तर चाके पूर्ण थांबेपर्यंत दार उघडू नये.

येथे मला माझे एक मत बदलावे लागले. जानेवारीपर्यंत मी सर्वांना सांगत होतो की या यंत्रात सरळ काप येत नाही, कारण फळी फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या सरळ आधारपट्टीला, घट्ट धरूनही पट्टा एका बाजूला ओढला जाई. उपाय म्हणून मी एका टाकाऊ फळीवर कडेला समांतर रेघ मारली, फेन्सशिवाय हाताने त्या रेघेवर निम्म्यापर्यंत कापले, फळी त्याच तिरक्या स्थितीत धरून टेबलावर कोन उतरवून घेतला आणि फेन्स त्या कोनात बसवले. काम भागले, पण मूळ कारण वेगळे होते. बाजूच्या गाइडचे तोंड मी इतके पुढे आणले होते की एका बाजूला वळलेले दात त्यांच्यावर घासून बोथट झाले होते. नवा, एका इंचात तीन दातांचा पट्टा चढवला, दातांच्या बेचक्या वरच्या चाकाच्या मध्यावरच्या उंचवट्यावर आणल्या, गाइड बेचक्यांच्या किंचित मागे ठेवले आणि दोन्ही बाजूंना कागदाच्या जाडीएवढी फट सोडली. ओढ जवळजवळ संपली आणि फेन्स पुन्हा सरळ झाले. रुंद फळीचा काप मध्यभागी पोटासारखा फुगत असे तेही थांबले, कारण सोबत आलेल्या बारीक दातांच्या पट्ट्यात भुसा अडकून राहत होता आणि मी जोराने फळी रेटत होतो. यंत्राची मी केलेली ती निंदा मी मागे घेतो.

फणसाच्या चिकाने टायरवर भुशाचा थर बसतो आणि त्यामुळे होणारा कंप नेमका वाकड्या चाकासारखा भासतो. खालच्या चाकाजवळ ताठ केसांचा ब्रश बसवल्यापासून तो त्रास नाही. पावसाळ्यात बिडाच्या टेबलावर एका रात्रीत गंज धरतो, म्हणून आठवड्यातून एकदा मेण घासावे लागते. आमच्या हवेत याला पर्याय नाही.

जे खरे उणे आहे ते ताण देण्याच्या मळसूत्रात. काम संपल्यावर पट्ट्याचा ताण उतरवून ठेवावा लागतो, नाहीतर टायरवर खळगे पडतात आणि ताण देणारी स्प्रिंग ढिली पडते. ताण झटकन सोडणारी कळ या यंत्रात नाही; मूठ १४ वेळा फिरवावी लागते, सकाळी पुन्हा १४ वेळा. ताणाच्या पट्टीवरील आकड्यांवर तर मुळीच भरवसा ठेवू नये. मी पट्टा फडफडेपर्यंत ताण थोडा थोडा उतरवतो आणि फडफड थांबेपर्यंत पुन्हा वाढवून तेथेच थांबतो. एप्रिलपासून मात्र मूठ पूर्ण आवळूनही पाऊण इंची पट्ट्याला पुरेसा ताण येत नाही. स्प्रिंग हमीच्या मुदतीत मागितली आहे, विक्रेत्याने पुन्हा चाके बदलण्याचे अंदाजपत्रक पाठवले आहे, आणि मी खडूची खूण व सांध्याजवळची पायरी यांची छायाचित्रे जोडून त्याला तिसरे पत्र धाडले आहे. तोपर्यंत मी अर्धा इंची पट्ट्यावर काम चालवतो. पट्टा घेताना तो दुकानातच उलगडून सांध्याच्या पाठीवरून नख फिरवतो. गेल्या महिन्यात पाचांपैकी दोन पट्टे तेथेच परत केले.