एनएसएस, क्रेडिटचा कोर्स की देणगीचा वर्ग?

नव्या शैक्षणिक धोरणाने समाजसहभागाचे, म्हणजे सीईपीचे, क्रेडिट (श्रेयांक) थेट अभ्यासक्रमात आणले आणि मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांत विभागप्रमुख एखाद्या तरुण शिक्षकाला बोलावून सांगू लागले, "सीईपी तुम्ही बघा." हे लिखाण त्या शिक्षकासाठी आहे. मी एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, युनिट सांभाळलंय, दोन क्रेडिटचा कोर्स आखलाय आणि वर्गाच्या हातात खरे पैसे देऊन देणगी कुणाला द्यायची हे ठरवायला लावण्याचा प्रयोगही दोन वर्षं केलाय. तिन्हीकडे मुलं चांगलं काम करतात. आपल्याजवळचं दुसऱ्याला विचारपूर्वक देणं ती कुठे शिकतात, एवढंच मी इथे तोलून बघते आहे.

एनएसएस सगळ्यांत जुनी. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. तिची खरी ताकद शिबिरात आहे. आयुष्यात कुदळ न धरलेली मुलं गोणीत माती भरून वनराई बंधारा घालतात, रात्री पंगतीत वाढतात, सकाळी स्वतःचं ताट घासतात. हाताला श्रमाची सवय लागते, आणि ती पुढे टिकते. पण काय करायचं हे बहुतेक वेळा वरून ठरून येतं: वृक्षारोपण, रक्तदान, स्वच्छता, रॅली. "इथेच का? हेच का?" असं विचारायची वेळ मुलांवर येत नाही. एका कार्यक्रम अधिकाऱ्याकडे शंभर स्वयंसेवक असताना तेवढी सवडही नसते.

क्रेडिटच्या कोर्सचं बळ वेगळं आहे. फील्डवरच्या कामाला क्रेडिटमागे ३० तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटला ६० तास. तास बांधलेले असल्यामुळे एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाता येतं. विद्यार्थी आणि शिक्षक फील्डवर टिकून राहिले की काय उभं राहतं, याचं आपल्याच शहरातलं उदाहरण म्हणजे १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. १९९६ मध्ये ती टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून सुरू झाली.

आमची सुरुवात मात्र चुकीची झाली. गोवंडीतल्या एका अभ्यासिकेत आम्ही शनिवारी दुपारी ४५ मुलं नेली. दहा बाय बाराची खोली, आत सतरंजीवर बसलेली २० लहान मुलं, दाराबाहेर आमच्या मुलांच्या चपलांचा ढीग आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. खाऊ वाटला, फोटो काढले, निघालो. अभ्यासिका चालवणाऱ्या ताई दुसऱ्या दिवशी फोनवर शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तुमची मुलं येऊन गेली की आमची मुलं दोन दिवस अभ्यासाला बसत नाहीत. रोज विचारतात, दादा-ताई आज काय आणणार?" त्या वाक्यावर आम्ही पूर्ण कोर्स बदलला. एका ठिकाणी जास्तीत जास्त बारा मुलं, अख्खं सेमिस्टर तीच बारा, आणि काम विषयाला जोडलेलं. अर्थशास्त्राच्या मुलांनी वस्तीतल्या घरांचा पाण्यावरचा महिन्याचा खर्च मांडला. कॅनने पाणी विकत घेणाऱ्या घराला तेवढंच पाणी नळवाल्या घरापेक्षा किती महाग पडतं, हे त्यांनी स्वतःच्या वहीत बेरीज करून पाहिलं. रिपोर्टमध्ये "खूप छान अनुभव होता" लिहिणाऱ्याला मी वही परत करते. तुला पडलेला एक प्रश्न लिहून आण, म्हणते.

तिसरा प्रकार आपल्याकडे फारसा कुणी करत नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. अमेरिकेत सेवेतून शिकण्याची ही पद्धत रुजल्यावर काही विद्यापीठांनी पुढचं पाऊल टाकलं: वर्गाला खरी रक्कम द्यायची, संस्था मुलांनीच शोधायच्या, देणगी मुलांनीच ठरवायची. नॉर्दर्न केंटकी विद्यापीठ त्यातलं एक ठळक नाव. वॉरेन बफे यांच्या भगिनी डोरिस बफे यांनीही अशा वर्गांना पैसे पुरवण्यासाठी फाउंडेशन काढलं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला, आणि अवाबाई जीजीभाईंच्या पैशातून बांधलेला माहीम कॉजवे १८४५ मध्ये खुला झाला. आपली मुलं या दानावरून रोज ये-जा करतात.

आमच्याकडे माजी विद्यार्थ्यांनी दिलेले २०,००० रुपये होते. मुलांनी नऊ संस्था शोधल्या. नोंदणी वरळीच्या धर्मादाय आयुक्तांकडे होते, ट्रस्टला दरवर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो, देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी ८०जीची पावती म्हणजे काय, हे सगळं ती कामापुरतं शिकली आणि म्हणून विसरली नाहीत. आधी सगळ्यांचं ठाम मत होतं की पगारावर खर्च करणारी संस्था वाईट. शेवटी दोन नावं उरली. एक संस्था परळला टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर राहणाऱ्या नातेवाइकांना जेवण देत होती. दुसरीला अभ्यासिकेतल्या शिक्षिकेचं चार महिन्यांचं मानधन हवं होतं, महिना ५,००० रुपये. तीन तास वाद चालला. सेमिस्टरभर गप्प बसलेली एक मुलगी म्हणाली, "जेवण द्यायला पुष्कळ जण येतात. पगार द्यायला कोण येतं?" वर्ग एकदम शांत झाला. पैसे मानधनाला गेले. त्याहून कठीण काम दुसऱ्या दिवशीचं होतं: उरलेल्या आठ संस्थांना फोन करून "नाही" सांगणं, कारणासह. सत्पात्री दान हा शब्द घरोघरी ऐकू येतो. त्याचं ओझं माझ्या विद्यार्थ्यांनी त्या आठ फोनांत पहिल्यांदा उचललं.

या प्रकारात धोकाही मोठा आहे. नुसती पैशाची पिशवी हातात दिली की अठरा वर्षांची मुलं न्यायाधीश होतात, आणि २०,००० रुपयांसाठी संस्थेचे कार्यकर्ते त्यांच्यासमोर प्रेझेंटेशन देत बसतात. म्हणून अर्ज एका पानाचा ठेवा आणि भेटीला आपण जा, त्यांना बोलावू नका. आणि मुलांकडून वर्गणी कधीही काढू नका. हप्त्याने फी भरणारा मुलगा वर्गासमोर खिसा उलटा करून दाखवू शकत नाही.

मग निवड कशी करायची? १२० मुलं आणि एकटे तुम्ही असाल तर एनएसएस घ्या, तिलाही आता सहशैक्षणिक क्रेडिट मिळतात. रात्रीचं कॉलेज असेल, मुलं दिवसा नोकरी करत असतील, तर ६० तास फील्डवर घालणं त्यांना झेपणार नाही. तिथे देणगीचा वर्ग रविवारच्या भेटींवर चालतो. वर्ग ४० च्या आत असेल आणि निदान तीन वर्षं सोबत राहायला तयार असलेली संस्था मिळाली, तर बेलाशक क्रेडिटचा कोर्स घ्या आणि देणगीचा भाग त्याच्या शेवटच्या चार आठवड्यांत बसवा. ४० तास वस्तीत घालवलेल्या मुलाने दिलेलं मत आणि वेबसाइट वाचून आलेल्या मुलाने दिलेलं मत यांतला फरक मी पाहिलाय. मी स्वतः आता हेच करते.

संस्थेशी बोलणं मे महिन्यातच उरका, कॉलेजचं टाइमटेबल लागायच्या आधी. पहिला प्रश्न असा विचारा: आमची मुलं कोणत्या दिवशी नकोत? आम्हाला सोयीची असलेली शनिवारची दुपार ही त्या ताईंची आठवड्यातली एकमेव मोकळी दुपार होती, आणि ते आम्ही विचारलंच नव्हतं.