रॅम आधी की एसएसडी? देवगडच्या भाच्याचा हिशेब

"मामानू, रॅम घालूची की एसएसडी?" भाच्याचा फोन आला तेव्हा आंब्याच्या पेट्यांचे पैसे नुकतेच हातात पडले होते, आणि ते दोन्हींना पुरणारे नव्हते. रॅम म्हणजे चालू कामाचा माल ठेवणारी मेमरी, एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. पीसी जुना. ८ जीबीची एकच रॅम, हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ऑनलाइन गेममध्ये ऐन गोळीबारात पडदा दोन-दोन सेकंद गोठतो. टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे कशावर किती ताण आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, डिस्क १०० टक्के दिसते, म्हणून गड्याचा कल एसएसडीकडे.

मी म्हटलं, गेम चालू ठेव आणि मेमरीचा आकडा वाच. ९४ टक्के! गोम इथेच आहे. रॅम भरली की विंडोज जागा करण्यासाठी काही माल डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन टाकतं आणि लागला की परत आणतं. डिस्कला धाप लागते ती या ने-आणीने. त्यात वेगळं कार्ड नसलं की ग्राफिक्सही याच ८ जीबीतून आपला वाटा घेतं. वर मागे क्रोम उघडा.

एसएसडी घातली तर गोठणं कमी होईल, जाणार नाही. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १००-१५० एमबी वाचते, साटा (हार्ड डिस्कच्याच केबलवर चालणारी) एसएसडी ५००च्या आसपास. पण डीडीआर४ पिढीची, ३२०० वेगाची एक रॅम कागदावर सेकंदाला २५ जीबी देते. म्हणजे एसएसडीसुद्धा तिच्या पन्नासाव्या हिश्शाला. उलट दुसऱ्या स्लॉटमध्ये तशीच ८ जीबी बसवली की १६ होतात आणि दोन्ही रॅम ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे एकाच वेळी जोडीने, चालतात. बिनकार्डाच्या पीसीवर एफपीएसमध्ये (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्यात) हा फरक डोळ्यांना दिसतो.

मेमरी ६०-७० टक्क्यांवर असूनही डिस्क १०० असती, किंवा खेळ सुरळीत चालून फक्त मॅप उघडायला वेळ लागत असता, तर मी डोळे मिटून एसएसडी सांगितली असती. विंडोज चालू होण्यापासून सगळ्याच कामांना ती वेग देते. गेम नसता खेळत, तरी तीच. मेमरी मोकळी करणाऱ्या 'बूस्टर' ॲपच्या मात्र नादी लागू नये. तेही चालू प्रोग्रॅमचा माल डिस्कवरच ढकलतात.

दोन्ही घेऊन उपयोग नाही असाही एक प्रकार असतो. समोरचा खेळाडू उड्या मारत सरकतो, पण आपला माऊस लोण्यासारखा फिरतो, तर दोष पीसीचा नाही, नेटचा. आपल्याकडे राऊटर पडवीत आणि पोरगा माजघरात, मध्ये चिऱ्याची जाड भिंत. वायफाय तिथेच अर्धमेलं होतं. लॅनची केबल ओढा, काम होतं. आणि तासाभराने खेळ मंदावत असेल तर सीपीयूचा वेग बघा. मेमरी तेवढीच राहून गिगाहर्ट्झ निम्म्यावर आले असतील तर तो तापतोय. पंख्यातली धूळ काढा, सीपीयूवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदला. मेमरीच चढत गेली असेल तर गेम बंद करून पुन्हा उघडणं हाच तात्पुरता इलाज.

भाच्याला रॅमच घ्यायला सांगितली, पण आधी जुनी काढून लेबल वाचायला लावलं. डीडीआर३ च्या स्लॉटात डीडीआर४ बसत नाही, आणि दुकानदार विचारेलच असं नाही. प्लग काढून रॅम बाहेर घेतली तर तिची सोनेरी पट्टी काळपटलेली. समुद्र पावलांवर, खारी हवा कुठे सोडते! खोडरबर हलक्या हाताने फिरवला, भुगा फुंकून नव्हे तर मऊ ब्रशने झाडला. फुंकरीतली थुंकी म्हणजे पुन्हा ओलावाच.

नवी रॅम बसली, त्याच गेममध्ये मेमरी आता ६० टक्क्यांच्या आत आणि डिस्क शांत. मॅप उघडायला अजून चहा होतो. एसएसडी पुढच्या हंगामाला.