कावेरी २.० : एजंटाशिवाय घर विकताना

वडगावचं घर विकायचं म्हटल्यावर एजंट दारात हजर, आमच्याकडून दोन टक्के आणि गिऱ्हाईकाकडून घेणार ते वेगळंच, मग म्हटलं राहू दे, कागदं तरी आपणच बघूया. कावेरी म्हणजे कर्नाटक सरकारचं मालमत्ता नोंदणीचं पोर्टल, तिथं ईसी, म्हणजे मालमत्तेवरच्या व्यवहारांचा आणि बोजाचा दाखला, घरबसल्या मिळते. ईसी फॉर्म १५ मध्ये आली म्हणून घाबरू नका, त्यात झालेले व्यवहार असतात, फॉर्म १६ म्हणजे त्या काळात नोंदच नाही. कर्ज फिटलं तरी बोजा उतरलाय का ते ईसीत कळतं, घेणारा पहिलं तेच विचारतोय बघा. ई-खाता, म्हणजे पालिकेतली मालमत्तेची डिजिटल नोंद, मात्र आधी करून ठेवा, नाहीतर रजिस्ट्री अडते. कन्नड येत नसेल तर ही कागदं कुणाकडून तरी वाचून घ्या. गिऱ्हाईक काय पोर्टल आणून देत नाही, ते शोधायचं आणि भावासाठी घासाघीस करायची तयारी असेल तरच एजंट सोडा. खरेदीपत्र वकिलाकडूनच, तिथं पैसे वाचवू नका.