पहिल्या महायुद्धातल्या अधिकाऱ्याच्या कमरेला काय द्याल? वेबली, फॉस्बेरी, कोल्ट की माउझर

पहिल्या महायुद्धावर कादंबरी, नाटक किंवा वेब सिरीज लिहायला घेतलेला लेखक गणवेशाची, पागोट्यांची, घोड्यांची कसून चौकशी करतो आणि कमरेच्या हत्याराशी येऊन ‘त्याने रिव्हॉल्व्हर काढलं’ एवढ्यावर भागवतो. इथे एक चांगली संधी हातची जाते. रायफल सरकार द्यायचं, पण ब्रिटिश अधिकाऱ्याचं हातातलं हत्यार बहुतेक वेळा त्याने पदरच्या पैशाने घेतलेलं असायचं. तलवार, दुर्बीण, रिव्हॉल्व्हर हा सगळा सरंजाम त्यानेच जमवायचा. अट एकच होती: सरकारी .४५५ इंची काडतूस त्यात चाललं पाहिजे. बाकी निवड ज्याची त्याची, आणि निवड आली की स्वभावही आला.

आधी हुद्दा पक्का करा. १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) मराठा पलटणीत असलेला तुमचा नायक साताऱ्याकडचा असेल, तर तो फार तर सुभेदार-मेजर होऊ शकतो. लढाऊ पलटणींत हिंदी लोकांना बादशहाचं कमिशन, म्हणजे लेफ्टनंटपासून वरच्या हुद्द्यांची सनद, मिळायला १९१७ उजाडलं, तेही मोजक्यांना. म्हणजे स्वतः विकत घेतलेलं पिस्तूल लटकावून फिरणारा ‘लेफ्टनंट मोहिते’ तायग्रिसकाठच्या कुट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात दाखवलात, तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल. ते पिस्तूल त्याच्या साहेबाच्या कमरेला द्या.

त्या साहेबासाठी माझं मत सरळ आहे: वेबली हे इंग्रजी रिव्हॉल्व्हर. पण कोणती, इथे बहुतेक जण फसतात. चित्रांत नेहमी दिसणारी, सहा इंची नळीची आणि चौकोनी बुडाच्या मुठीची ती मार्क ६. तिला मंजुरी मिळाली मे १९१५ मध्ये. १०३वी, ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणी ज्या ६ व्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या, ती तोवर बसऱ्याच्या पुढे सरकत होती आणि डिसेंबरात कुटमध्ये अडकली. त्या अधिकाऱ्यांकडे जुनी हत्यारं असण्याचीच शक्यता जास्त: बोअर युद्धाच्या काळातली मार्क ४, किंवा चार इंची नळीची मार्क ५. दोन्हींची मूठ पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. जरा शौकीन साहेब असेल तर वेबलीचंच खासगी विक्रीचं डब्ल्यूजी मॉडेल द्या. अशा कितीतरी वेबलींवर कारखान्याच्या नावाबरोबर ‘आर्मी अँड नेव्ही’ या दुकानाचाही ठसा सापडतो. दुकान लंडनचं, पण मुंबईतही त्याची शाखा होती. काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही इमारत आजही उभी आहे. साहेब बोटीवरून उतरला आणि तिथे खरेदीला गेला, असा प्रसंग सहज रचता येईल.

मार्च १९१७ मधलं बगदाद किंवा त्यानंतरची कथा असेल, तर मार्क ६ बिनधास्त द्या. वजन साधारण एक किलो शंभर ग्रॅम. मधोमध मोडून उघडली की सहाही रिकामी पुंगळी एकदम बाहेर फेकली जातात. गोळी जाड, शिशाची आणि संथ. चिखल-धुळीत वेबली कुरकुर करत नाही, आणि मेसोपोटेमियात या दोन्हींची रेलचेल होती. मुठीच्या बुडाला कडी असते, तिच्यात दोरी अडकवून ती गळ्यात घालायची. ही दोरी दाखवायला विसरू नका. वेबलीला लावायची प्रिचर्ड नावाची संगीनही खासगी विक्रीला आली होती. पडद्यावर ती झकास दिसते, पण वापर अगदी विरळा. मोह आवरा.

वेबली-फॉस्बेरीचं प्रकरण निराळं आहे. जॉर्ज फॉस्बेरी हा हिंदुस्थानातल्या फौजेतला अधिकारी. १८६३ मध्ये सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेत त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रिव्हॉल्व्हर असूनही आपोआप पुढची गोळी तयार ठेवणारं हत्यार त्याने बनवलं. बार उडाला की धक्क्याने नळी आणि सिलिंडर मागे घसरतात. सिलिंडरवर नागमोडी खाचा असतात, त्यांत अडकलेली खुंटी त्याला फिरवते आणि घोडाही पुन्हा चढतो. नेमबाजीच्या मैदानावर हे हत्यार गाजलं. लढाईत दोन अडचणी: मनगट ढिलं पडलं तर चक्र पुरं होत नाही, आणि उघड्या खाचांत चिखल बसतो. एकूण पाच हजारांच्या आतच बनली. म्हणून हे फक्त अशा पात्राला द्या ज्याला स्वतःच्या नेमावर फाजील विश्वास आहे आणि जो कुणाचं ऐकत नाही. त्याची ती फॉस्बेरी ऐन वेळी अडली, तर वाचकाला योगायोग वाटणार नाही.

कोल्ट या अमेरिकी पिस्तुलाचं आकर्षण समजण्यासारखं आहे. मॅगझिनमध्ये सात गोळ्या, भरायला झटपट, दिसायला आधुनिक. ब्रिटनने १९१५ पासून .४५५ ची कोल्ट पिस्तुलं मागवली. गोम अशी की तिचं .४५५ काडतूस वेबली रिव्हॉल्व्हरच्या .४५५ पेक्षा वेगळं. आकडा एक, माल दोन, आणि एकाचं दुसऱ्यात चालवायचं नाही. तायग्रिसवर बोटींची आधीच टंचाई होती; असल्या साहेबाला त्याची काडतुसं कोण पोचवणार? पायदळाच्या कथेत कोल्ट मी टाळेन.

वैमानिकाच्या कथेत मात्र कोल्टच. यातली बरीच पिस्तुलं विमानदळाकडे गेली, अनेकांवर आर.ए.एफ.चा (रॉयल एअर फोर्सचा) ठसा आहे. शिवाय इथे मराठी नायकाला जागा आहे. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर ब्रिटिश विमानदळात लेफ्टनंट होते. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचं विमान पाडलं गेलं आणि तीन दिवसांनी जर्मनांच्या कैदेत त्यांचा मृत्यू झाला. अशा वळणाचं पात्र रचत असाल, तर कमिशनचीही अडचण नाही आणि काडतुसांचीही.

माउझर सी९६ चा मोह चर्चिलमुळे होतो. १८९६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर उतरताना धक्क्यावरची कडी पकडली, होडी खाली गेली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. म्हणून १८९८ मध्ये सुदानमधल्या ओमदुरमानच्या घोडदळ-हल्ल्यात त्याने तलवार सोडून माउझर चालवलं. दहा गोळ्यांचं हे पिस्तूल घोड्यावर त्याच्या कामी आलं. पण १९१५ मध्ये जर्मन बनावटीचं, ७.६३ मिलिमीटरचं काडतूस खाणारं पिस्तूल ब्रिटिश अधिकाऱ्याने नेणं म्हणजे सरकारी पुरवठ्यावर पाणी सोडणं. खुद्द चर्चिल पहिल्या महायुद्धात खंदकात गेला तो कोल्ट घेऊन. सुदानमध्ये लढलेला एखादा म्हातारा कर्नल असेल, तर त्याच्या बंगल्यातल्या भिंतीवर माउझर टांगा.

शरणागतीचा प्रसंग लिहिणार असाल तर हे हाताशी ठेवा. २९ एप्रिल १९१६ ला कुट पडलं तेव्हा जनरल टाउनशेंडने तलवार आणि पिस्तूल तुर्की सेनापती खलील पाशापुढे धरलं. पाशाने दोन्ही घेतली नाहीत, ती तुमचीच आहेत, असं म्हणाला.

शूटिंग करणाऱ्यांना एक व्यवहाराची सूचना. आपल्याकडे भाड्याने मिळणाऱ्या नकली रिव्हॉल्व्हरांत .३८ च्या वेबलीचा किंवा एनफिल्डचा साचा हमखास समोर येतो. एनफिल्ड नंबर २ सैन्यात आली १९३२ मध्ये, आणि हे दोन्ही साचे .४५५ पेक्षा अंगाने लहान. दुरून, होल्स्टरमध्ये चालून जातील. हाताचा क्लोजअप घ्यायचा असेल तर खऱ्या मापाची मार्क ४ करून घ्या, मूठ चोचीची आहे ना ते तपासा, आणि पैसे वाचवायचे असतील तर सुभेदाराच्या फ्रेममधून रिव्हॉल्व्हर काढूनच टाका.