मेमटेस्ट८६+ : एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. रॅम तपासायला फुकटात मिळणाऱ्या साधनांत माझी पहिली पसंती मेमटेस्ट८६+ लाच आहे. पण त्याने ‘पास’ म्हटलं म्हणून रॅम चांगलीच, असं धरून चालू नका. एक जरी एरर दाखवली तरी ती गंभीर माना. एकही दाखवली नाही, तर अजून सापडलेली नाही एवढंच. हा फरक किती मोठा आहे ते नागपूरच्या मे महिन्यात कळलं.

नावांचा घोळ आधी मिटवू, कारण लोक भलतंच उतरवून घेतात. मूळ मेमटेस्ट८६ ख्रिस ब्रॅडी यांचं, १९९४ चं. त्यातून २००४ मध्ये प्लसवालं वेगळं निघालं, ते आजही मुक्त स्रोत आहे. मूळ शाखा २०१३ पासून पासमार्ककडे आहे आणि तिची मोफत आवृत्ती चार पास (पास म्हणजे इथे सगळ्या टेस्टची एक फेरी) झाले की थांबते. प्लसवालं मधली बरीच वर्षं तसंच पडून होतं. मग मार्टिन व्हिटेकर यांच्या पीसीमेमटेस्टच्या पायावर २०२२ मध्ये सहावी आवृत्ती आली आणि यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेली नवी प्रणाली असलेल्या बोर्डांवरही ते चालायला लागलं. मी सातवी वापरतो. माझ्या बोर्डावर त्यासाठी सिक्युअर बूट (सही नसलेलं काही बूट होऊ न देणारं सेटिंग) बंद करावं लागलं.

माझं काम फोटो आणि आल्बमचं. रायझन ५ चं मशीन, डीडीआर४ च्या १६ जीबीच्या दोन स्टिक, एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर केलेल्या जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) लावून ३२०० च्या वेगावर. जानेवारीत मशीन नवं असताना रात्रभर टेस्ट लावली होती, एकही एरर नाही. एप्रिल सरता सरता झिप उघडताना मधूनच सीआरसी एरर, म्हणजे फाइलमधला डेटा जुळत नसल्याची तक्रार, यायला लागली. तीच फाइल पुन्हा उघडली की बिनबोभाट उघडायची. एखाद्या फोटोचा खालचा अर्धा भाग गुलाबी व्हायचा. विंडोज कोसळल्याचा निळा पडदा मात्र एकदाही आला नाही. अशा वेळी पहिला संशय डिस्कवर जातो, पण डिस्क खराब असेल तर सहसा तीच फाइल, त्याच जागी अडते. दर वेळी वेगळी फाइल आणि दुसऱ्यांदा सगळं ठीक, असं होत असेल तर रॅम बघा.

मग टेस्ट भर दुपारी लावली. आधी मोठा एक्स्पोर्ट चालवून मशीन तापू दिलं आणि लगेच पेनड्राइव्हवरून बूट केलं. तिसऱ्या टेस्टमध्ये लाल ओळ आली. अपेक्षित आकड्यात सोळाच्या सोळा एफ, मिळालेल्या आकड्यात त्यातल्या एकाच्या जागी बी. हे आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे एका अक्षरात चार बिट : एफ म्हणजे ११११, बी म्हणजे १०११. म्हणजे बत्तीस जीबीत एकच बिट एकाचं शून्य झालं होतं. पुढच्या पासला पुन्हा तोच पत्ता, तोच बिट.

ही तिसरी टेस्ट मला फार आवडते. ती सगळी मेमरी एका नमुन्याने भरते. मग खालून वर जात प्रत्येक जागा वाचून तिथे उलटा नमुना लिहिते, आणि नंतर वरून खाली येत तेच पुन्हा करते. त्यामुळे शेजारच्या जागांवर उलट किमती येतात आणि कमकुवत सेल (एक बिट साठवणारा कप्पा) उघडा पडतो. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरवरचा विद्युतभार. तो सतत गळतो, म्हणून प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावी लागते. चिपचं तापमान ८५ अंशांपुढे गेलं की डीडीआर४ ला हे दुप्पट वेगाने करावं लागतं, कारण उष्णतेने गळती वाढते. माझा सेल त्याच्या बराच आधी हार मानत होता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. गूगलच्या सर्व्हरांवरचा २००९ चा एक मोठा अभ्यास आहे. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त मॉड्यूल्समध्ये एरर आढळल्या होत्या, पण तापमानाचा परिणाम फारसा दिसला नव्हता. मात्र ती यंत्रं डेटा सेंटरमधली. विदर्भातल्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत चालणाऱ्या मशीनला तो दिलासा लागू होत नाही.

एरर दिसली की लगेच स्टिक फेकायची नाही. आधी एक्सएमपी बंद करा. तेवढ्याने एरर गेली, तर दोष वेगाचा, व्होल्टेजचा किंवा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचाही असू शकतो. माझी एरर तरीही राहिली. मग एकेक स्टिक त्याच स्लॉटमध्ये लावून बघितली आणि दोषी नेमकी सापडली. दुकानात ‘विंडोज चालू होतंय ना, मग रॅम ठीकच आहे’ असं ऐकावं लागलं. लाल ओळीचा फोटो दाखवल्यावर वॉरंटीत बदलून मिळाली, पण किट (एकत्र विकलेली जोडी) असल्यामुळे दोन्ही स्टिक द्याव्या लागल्या आणि तेवढे दिवस काम बंद राहिलं. फोटो मोबाइलवर काढूनच ठेवा, कारण प्लसवालं पेनड्राइव्हवर अहवाल लिहून ठेवत नाही.

आता त्याची मर्यादा. मित्राच्या रायझन मशीनमध्ये चार स्टिक ३६०० वर होत्या. मेमटेस्ट रात्रभर स्वच्छ. विंडोजमध्ये टीएम५ (टेस्टमेम५ हे रॅम तपासणारं दुसरं साधन) हे अंता७७७ नावाच्या वापरकर्त्याने बनवलेल्या प्रोफाइलसह लावलं, तर चहा होईपर्यंत एरर. बूटवरून चालणाऱ्या टेस्टच्या वेळी ग्राफिक्स कार्ड निवांत असतं, डिस्क निवांत असते आणि कॅबिनेट थंड असतं. शिवाय त्या पिढीच्या रायझनला चार ड्युअल-रँक (चिपांचे दोन गट असलेल्या) स्टिकसाठी एएमडीने अधिकृत वेग २६६६ च दिला आहे. त्याने ३२०० वर आणलं आणि टीएम५ शांत झालं. म्हणून एक्सएमपी लावणाऱ्याने दोन्ही चालवावीत : स्टिक खराब आहे का यासाठी मेमटेस्ट, वेग झेपतो का यासाठी टीएम५. विंडोजबरोबर येणारं मेमरी डायग्नोस्टिक एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ केल्याशिवाय लावूच नये, आणि तरीही माझा त्याच्यावर फारसा भरवसा नाही.

तक्रारी म्हणाल तर वेळ फार खातं. पहिला पास मुद्दाम छोटा असतो, तो झाला म्हणून थांबू नका. लिहिलेले बिट वेळेने पुसले जातात का बघणाऱ्या बिट फेड टेस्टमध्ये ते काही मिनिटं नुसतं थांबून राहतं, तेव्हा हँग झालं समजून बटण दाबू नका. आणि मध्येच लाइट गेली की सगळं पहिल्यापासून, त्यामुळे यूपीएस हवाच.

एक सोय मात्र फार थोड्यांना माहीत असते. घरच्या जुन्या लॅपटॉपची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, बदलता येत नाही. मेमटेस्टमध्ये एफ१ दाबून एरर ‘बॅडरॅम’ नमुन्यात (खराब पत्त्यांची यादी) दाखवायला सांगितलं आणि मिळालेली ओळ लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये टाकली. तेवढा खराब तुकडा सोडून बाकीची रॅम आता लिनक्स वापरतं, आणि लॅपटॉप भंगारात न जाता स्कॅनिंगच्या कामाला लागला आहे.