'आयदर/ऑर'ची वाढीव आवृत्ती: दुसऱ्या तबकडीसाठी घ्या

एलियट स्मिथ ह्या अमेरिकन गायक-गीतकाराचा 'आयदर/ऑर' हा अल्बम माझ्याकडे सीडीवर होताच. त्यामुळे त्याची दोन एलपींची वाढीव आवृत्ती घ्यावी की नाही, ह्या विचारात माझे तीन महिने गेले. परदेशातून मागवायची, वर कस्टमची ड्युटी भरायची, आणि अर्ध्याहून जास्त गाणी तर आधीच पाठ. शेवटी दिवाळीत घेतली. तुम्हीही अशाच विचारात अडकला असाल तर माझं उत्तर आधीच सांगते: घ्या, पण दुसऱ्या तबकडीसाठी घ्या.

कारण सांगायचं तर थोडं माझ्या कामाबद्दल बोलावं लागेल. मी पुण्यात रेकॉर्डिस्ट आहे. भावगीतं, आरत्या, बालगीतं आणि हल्ली ऑडिओबुकं. आमच्याकडे गायकाचा आवाज डबल करतात तो बहुतेक वेळा झाकायला. ओळ दोनदा गाऊन घ्यायची आणि दोन्ही टेक एकावर एक ठेवायचे. पहिल्याचा सूर हलला की दुसरा त्याला सांभाळून घेतो, आवाजही भरल्यासारखा वाटतो. भक्तिगीतांच्या एका कामात निर्मात्याच्या सांगण्यावरून मी एका एकोणीस वर्षांच्या मुलीचा आवाज आठच्या आठ गाण्यांत असा डबल केला. मिक्स ऐकून ती म्हणाली, "ताई, ह्यात मी कुठंय?" मला काही बोलता आलं नाही. तिचं ते वाक्य अजून टोचतं.

एलियट स्मिथच्या बहुतेक रेकॉर्डिंगमधला गळा असाच दुहेरी आहे, आणि तरीही तो त्यात पुरेपूर सापडतो. ते कसं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ह्या अल्बममधलं 'बिटवीन द बार्स' हेडफोनवर ऐका. तो जवळजवळ कुजबुजत गातो, मग तीच कुजबुज पुन्हा गाऊन पहिलीच्या शेजारी ठेवतो. कुजबुजत सूर धरणं मोकळ्या आवाजात गाण्यापेक्षा अवघड असतं, कारण मागे श्वासाचा जोर नसतो. ते एकदा साधलं तरी दुसऱ्या वेळी प्रत्येक शब्द तितकाच लांब, तितक्याच वजनाचा पडायला हवा. त्याचे पडतात. फरक लागतो तो श्वास घेताना, तिथे एकाच माणसाचे दोन श्वास किंचित पुढेमागे ऐकू येतात. इथे काहीच झाकलेलं नाही. एकटा माणूस स्वतःलाच साथ करतोय असं वाटतं.

ही सवय जुनी. स्टीव्हन पॉल स्मिथ हे त्याचं खरं नाव, जन्म 6 ऑगस्ट 1969, अमेरिकेतल्या ओमाहाचा. लहानपण टेक्ससमध्ये गेलं आणि चौदाव्या वर्षी तो वडिलांकडे पोर्टलंडला आला. कॉलेजात तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र शिकला, 1991 मध्ये पदवी घेतली. 'आयदर/ऑर' हे नावही किर्केगार्ड ह्या डॅनिश तत्त्वज्ञाच्या ग्रंथाचं आहे. पोर्टलंडला परतल्यावर 'हीटमायझर' नावाच्या बँडमध्ये तो मोठ्या आवाजातली इलेक्ट्रिक गिटार वाजवत होता. पण 1994 चा 'रोमन कँडल' हा पहिला एकट्याचा अल्बम त्याने एका घराच्या तळघरात, चार ट्रॅकच्या, म्हणजे चारच आवाज वेगवेगळे भरता येणाऱ्या कॅसेट मशीनवर केला. माझ्या वयाच्या रेकॉर्डिस्टना ह्या चार ट्रॅकचा हिशेब चांगला ठाऊक आहे. दोन गळ्याला दिले की बाकी सगळ्याला मिळून उरले दोन. हातात एवढंच असताना माणूस अर्धी जागा आवाजाला देतो, तेव्हा त्याला काय महत्त्वाचं वाटतंय ते कळतं.

'आयदर/ऑर' फेब्रुवारी 1997 मध्ये 'किल रॉक स्टार्स' ह्या छोट्या कंपनीने काढला. बारा गाणी, सुमारे सदतीस मिनिटं. बरीचशी पोर्टलंडमधल्या घरांत रेकॉर्ड झालेली, आणि बहुतेक वाद्यं त्यानेच वाजवलेली. त्यातल्या 'अलामेडा' ह्या गाण्याचं नाव तिथल्या एका रस्त्याचं. गस व्हॅन सँट हा दिग्दर्शकही पोर्टलंडचाच. त्याने ह्या अल्बममधली तीन गाणी 'गुड विल हंटिंग' ह्या चित्रपटात घेतली आणि 'मिस मिझरी' हे नवं गाणं शेवटी वाजलं. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. 23 मार्च 1998 च्या रात्री पांढरा सूट घालून, हातात गिटार घेऊन तो त्या अवाढव्य मंचावर एकटा उभा राहून गायला. पुरस्कार 'टायटॅनिक'च्या गाण्याला गेला. त्या रात्रीच्या चित्रफितीत आवाज दुहेरी नाही. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा पहिली काळजी सुराचीच वाटली होती. सूर हलला नाही.

पुढे ड्रीमवर्क्ससारख्या मोठ्या कंपनीसाठी त्याने 'एक्सओ' (1998) आणि 'फिगर 8' (2000) केले, त्यात पियानो आला, व्हायोलिनं आली. 21 ऑक्टोबर 2003 ला लॉस एंजेलिसमध्ये, चौतिसाव्या वर्षी, छातीत सुरीचे वार होऊन तो गेला. सरकारी तपासणीत मृत्यूचं कारण अनिर्णित राहिलं. त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि मग प्रत्येक गाण्यात तो शेवट शोधत बसतात. मला ते पटत नाही. 'से येस'सारखं आशेने भरलेलं गाणं त्या नजरेने ऐकलं तर हातचं जातं.

आता हा संच. 2017 मध्ये, अल्बमला वीस वर्षं झाली तेव्हा निघाला. पहिल्या तबकडीवर मूळ अल्बम नव्याने मास्टर केलेला, म्हणजे त्याच्या आवाजावर शेवटचा हात पुन्हा फिरवलेला आहे. ते काम लॅरी क्रेनचं. पोर्टलंडमधला 'जॅकपॉट' स्टुडिओ उभा करताना तो एलियटच्या बरोबर होता आणि आज त्याच्या टेपा तोच सांभाळतो. मुख्य म्हणजे आवाज उगाच फुगवलेला नाही. माझ्या सीडीपेक्षा खर्ज स्वच्छ वाटतो, बोटं गिटारच्या तारांवरून सरकल्याचा आवाज तसाच ठेवलाय. 'क्युपिड्स ट्रिक' मला पूर्वी गोंगाट वाटायचं, आता त्यातल्या गिटारी वेगवेगळ्या ऐकू येतात.

दुसरी तबकडी सुरू होते 1997 मध्ये अमेरिकेतल्या ऑलिंपियाला झालेल्या 'यो यो अ गो गो' महोत्सवातल्या पाच गाण्यांनी. गिटार, आणि एकच गळा. 'एंजेलिस'मध्ये उजव्या हाताची बोटं अखंड धावत असतात, त्यावर तो आवाज काहीही आधार न घेता चालतो. कुठे किंचित पातळ होतो, एका ठिकाणी श्वास कमी पडतो, आणि मला ते फार आवडलं. पहिल्या तबकडीवर दोन टेक एकत्र ठेवणारा माणूस एका टेकमध्येही तितकाच होता, ह्याचा पुरावा ह्या पाच गाण्यांत आहे. त्या मुलीला मी हीच बाजू ऐकवली. ती आता तिशीची आहे, नुकताच तिचा दुसरा अल्बम आम्ही केला, आणि त्यात आवाज एकेरी आहे.

उरलेलं साहित्य कमीजास्त आहे. मेरी लू लॉर्ड ह्या गायिकेला दिलेलं 'आय फिगर्ड यू आउट' त्याच्या स्वतःच्या आवाजात मिळतं, तेवढ्यासाठीही मी पैसे दिले असते. पुढे 'एक्सओ'वर आलेल्या एका गाण्याचं जुनं, वेगळ्या शब्दांचं रूप अभ्यासाला चांगलं आहे. 'न्यू मंकी'चा की-बोर्डवरचा तुकडा मी दोनदा ऐकला आणि सोडून दिला. 'मिस मिझरी' मात्र ह्यात नाही. ते हवं असेल तर चित्रपटाचा साउंडट्रॅक घ्या, आणि त्याचं आधीचं रूप 2007 च्या 'न्यू मून' ह्या संग्रहावर आहे.

माझ्या खोक्याचा एक कोपरा कुरियरमध्ये चेपला, तबकड्या ठीक होत्या. मागवताना जादा पुठ्ठा घालायला जरूर सांगा. आणि दुसरी तबकडी लावताना आवाज पहिलीपेक्षा थोडा कमी ठेवा, म्हणजे खोलीत जितक्या मोठ्याने कुणी बोलेल तितकाच. तो त्याच अंतरावर येऊन बसतो.